अठ्ठेचाळीस नंबरची हजेरी

प्रिय नाना,

तुम्ही गेल्यावर रोजनिशीत पानंच्या पानं लिहिली, पण ती सगळी तुमच्याबद्दल होती. तुम्हाला असं काहीच लिहिलं नाही. आज मात्र तुमच्याशीच बोलायला हवं. सोमवारी माझी पीएच.डी.ची तोंडी परीक्षा आहे, आणि आज दुपारी मला कळलं की प्रबंधाचं चौथं प्रकरण चुकलंय. तुम्हाला ते मागच्या उन्हाळ्यातच कळलं होतं!

तयारीसाठी म्हणून कपाटातून जुन्या प्रिंटचा गठ्ठा काढला. तोच तो, दोन्ही कडांना भोकं असलेला, घड्याघड्यांचा लांब कागद. सतराव्या पानावर तुमची पेन्सिल दिसली. काहीतरी लिहून खोडलेलं. पान खिडकीशी नेऊन तिरपं धरलं तेव्हा दाबाचं अक्षर वाचता आलं : 'एकाची हजेरी दोनदा?'

नाना, का खोडलंत ते?

खरं तर मला माहीत आहे का खोडलंत. तेच लिहायला बसले आहे.

हे तपासणीचं काम तुमच्याकडे कसं आलं, आठवतं? कॉलेजच्या ऑफिसातला एकुलता कॉम्प्युटर शनिवारी दुपारी माझ्या वाट्याला यायचा, तोही लाईट असली तर. पुण्याच्या मैत्रिणीने फ्लॉपीत घालून पाठवलेल्या प्रोटीनच्या फायली, आणि मी पुस्तकं चाळत चाळत लिहिलेला प्रोग्रॅम. तो बरोबर मोजतो की नाही हे सांगायला धारूरात दुसरं कोण होतं? म्हणून ठरवलं, दर वीस जोड्यांमागे एक जोडी हाताने तपासायची. मला वर्गांतून वेळ मिळेना. तुम्ही ओसरीवर पाय पसरून पेपर तिसऱ्यांदा वाचत होतात.

तुम्हाला समजावताना मीच अडखळले होते. म्हटलं, "नाना, प्रोटीन म्हणजे ॲमिनो आम्लांची लांब माळ. ती गुंडाळून तिचा गोळा होतो. माळेत एकमेकांपासून लांब असलेले मणी गोळ्यात येऊन भिडतात. कोण कोणाला भिडलंय, त्याची यादी करायची."

"भिडलंय म्हंजी किती जवळ?"

"साडेचार अँगस्ट्रॉमच्या आत. सेंटिमीटरचे दहा कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक अँगस्ट्रॉम."

"मग तिथं टेप घेऊन गेलतं कोन?"

केवढे हसलो होतो आपण! मग मी माळेतल्या लगतच्या मण्यांना का मोजायचं नाही ते सांगायला लागले, तर तुम्हीच मला थांबवलंत. "कळलं माय. वर्गच हाय की ह्यो. एका बाकावर बसवलेत म्हनून दोस्त म्हनायचं न्हाई. ह्या कोपऱ्यातला उठून त्या कोपऱ्यातल्याजवळ जाऊन बसला, तर ती खरी दोस्ती."

मी अजून हेच उदाहरण वर्गात सांगते. कोणाचं आहे ते मात्र सांगत नाही. का सांगत नाही, नाना?

दुसऱ्याच दिवशी तुम्ही मला हाक मारलीत. पाटीवर दोन मण्यांच्या जागांचे तीन-तीन आकडे, मग तीन वजाबाक्या, तीन वर्ग, एक बेरीज. निजामाच्या शाळेत उर्दूत शिकलेलं पुटपुटत होतात, तफरीक, जर्ब, जमा. "वर्गमूळ कशाला काढायलीस गं? साडेचाराचा वर्ग सव्वावीस. बेरीज सव्वावीसच्या आत आली की पोरगं जवळ. मुळापर्यंत जायचं कामच न्हाई." मी प्रोग्रॅममधलं वर्गमूळ काढून टाकलं आणि शनिवारच्या दोन तासांत दुप्पट फायली होऊ लागल्या. आई आतून म्हणाली होती, "मास्तरकी सुटली, पर हजेरी काय सुटंना!"

आणि मग तो मे महिन्यातला दिवस. मी उत्तरपत्रिका तपासत होते, डोकं तापलेलं. तुम्ही सतरावं पान घेऊन आलात.

"सुमे, ह्यो अठ्ठेचाळीस नंबरचा हाय ना, ह्यो दोन जागी बसलाय. एका ओळीत 'ए' लिवलंय, दुसरीत 'बी'. नाव तेच, नंबर तोच, जागा मातर येगळी. कावून?"

मी मान वर न करता म्हणाले, "छपाईचं काहीतरी असेल."

"छपाई कशी चुकंल? दोन्ही जागा नीट दिल्यात की. एका पोराची हजेरी दोनदा लागलीय माय."

आणि मी काय बोलले! "नाना, ओळ चुकत असाल. चष्म्याचा नंबर वाढलाय तुमच्या. जेवढं सांगितलंय तेवढंच करा ना, हे चौथीचं गणित नाही."

तुम्ही पान घेऊन ओसरीवर गेलात. मी ते त्याच दिवशी विसरले. रोजनिशीतसुद्धा लिहिलं नाही. आज त्या तारखेचं पान काढून पाहिलं : 'उत्तरपत्रिका संपल्या. ऊन फार.' एवढंच. रोज रात्री स्वतःची झडती घेणारी मी, आणि माझ्या झडतीत हे सापडू नये?

नाना, तो अठ्ठेचाळीस नंबरचा आर्जिनीन होता. लांब शेपटीचा मणी. काही वेळा अशी शेपटी कधी इकडे झुकते, कधी तिकडे. प्रोटीनमधल्या जागा मोजणाऱ्यांना दोन्ही जागा दिसतात, म्हणून ते फाईलमध्ये दोन्ही लिहितात, 'ए' आणि 'बी' अशी खूण करून. पुढच्या रकान्यात कोणती जागा किती वाट्याची तेही देतात. माझ्या प्रोग्रॅमने तो रकाना कधी वाचला नाही, कारण मीच वाचला नव्हता. त्याने दोन्ही जागांचे शेजारी एकाच्या नावावर टाकले. अकरा! गोळ्यात सगळ्यांत जास्त. त्यावर मी अख्खं चौथं प्रकरण उभारलं, की हाच सगळ्या घडणीचा कणा.

आज मोजलं. 'ए' जागेवरून सहा शेजारी, 'बी'वरून सात, त्यातले दोन दोघांत सामाईक. एका वेळी अकरा कधीच नाहीत. नऊ शेजारी असलेले दुसरे तिघे आहेत. माझा कणा म्हणजे एक चुळबुळ्या पोरगा निघाला!

पाच वाजता एसटीडी बूथवरून माझ्या मार्गदर्शक सरांना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "मॅडम, छापून झालंय, बांधून झालंय. परीक्षक काय ओळ न ओळ मोजणार आहेत? विचारलं तर बघू."

"सर, एकाने मोजली होती."

"कोणी?"

"वडिलांनी."

"ते कुठल्या विद्यापीठात होते?"

"युसूफ वडगावच्या शाळेत. चौथीला शिकवायचे."

मग म्हणाले, "प्रकरण परत लिहावं लागेल. पदवी लांबेल. सहा महिने, कदाचित वर्ष. विचार करा."

घरी चालत येताना केला विचार. प्रामाणिकपणा म्हणून मी हे करतेय, की तुम्हाला दुखावलं त्याचं प्रायश्चित्त म्हणून? तुम्ही आज ओसरीवर असता तर कदाचित मी सरांचं ऐकलं असतं, आणि तुम्हाला म्हटलं असतं, राहू द्या नाना. हे खोटं नाही, म्हणून लिहून ठेवते. पण कारण कुठलंही असो, अकरा चूक आहेत. कारणाने बेरीज बदलत नाही.

एक तक्रार मात्र आहे माझी. वर्गातल्या कुठल्याही पोराचं उत्तर चुकलं तर ते दुरुस्त करेपर्यंत तुम्ही त्याला पाटीवरून उठू देत नव्हतात. मलाच कसं सोडलंत? लेक प्रोफेसर झाली म्हणून? मला तुमचा धाक हवा होता, नाना, मान नको होता!

हे लिहिलं आणि पुन्हा गठ्ठा पुढे ओढला. सतराव्या पानानंतरची सगळी पानं ओसरीवर पसरली. इतक्या दिवसांत कधी नीट पाहिलंच नव्हतं. तपासलेल्या प्रत्येक जोडीपुढे तुमची बरोबरची खूण. पण जिथे जिथे असा दोन जागी बसलेला कोणी आला, फक्त अठ्ठेचाळीस नव्हे, दुसऱ्या फायलींतलेही, तिथे बरोबरची खूण नाही. बारीक टिंब. शेवटच्या पानापर्यंत. माझ्याशी वाद घातला नाहीत, पण चुकलेल्यावर बरोबर अशी खूणही केली नाहीत.

म्हणजे सोडलं नव्हतंत तर. वाट पाहत होतात.

म्हणून आता ठरलंय. सोमवारी परीक्षकांनी तोंड उघडायच्या आधी मी उठून चूक सांगेन, आणि ती कोणी पकडली तेही. ऋणनिर्देशात मी प्राचार्यांपासून टायपिस्टपर्यंत सगळ्यांची नावं घातली आणि तुम्हाला 'कुटुंबीय' या शब्दात कोंबलं. नव्या प्रतीत तुमचं पूर्ण नाव असेल, हुद्द्यासकट : प्राथमिक शिक्षक. प्रोग्रॅमला तो रकाना वाचायला शिकवेन. मग प्रत्येक फाईल पहिल्या ओळीपासून पुन्हा. दर वीस जोड्यांमागे एक हाताने, तुमच्याच पाटीवर, सव्वावीसच्या आत की बाहेर ते पाहून. तुमच्या टिंबांपाशी मात्र विसांची वाट न पाहता प्रत्येक जोडी.

हे पत्र मिटायच्या आधी पहिल्या टिंबापासून सुरुवात केली आहे. अठ्ठेचाळीस, हजर. एकदाच.

तुमची,
सुमी