आलानचं नको

२० जून १९६६, हाँगकाँग
आजपासून हळवं व्हायचं नाही. पलीकडची चिनी वर्तमानपत्रं वाचून कॉपर्डसाहेबांना इंग्रजीत सांगणं हे माझं सरकारी काम. ते डोळे पुसत केलं तर शोभत नाही. साहेब म्हणाले, चीनमध्ये काहीतरी मोठं शिजतंय. मी म्हटलं, पोरांना परीक्षा नकोत, एवढंच. उन्हाळा सरला की निवेल. साहेबांनी मान हलवली. हे सरकार माझ्या अंदाजावर चालतं.
सरहद्दीपलीकडे फोशानला मास्तरीण असलेल्या धाकट्या बहिणीला, आलानला, पार्सल केलं. तेल, साखर. पिठाच्या पोत्याच्या कापडात शिवलं, म्हणजे कापडाचीही उशी होईल.

१७ जुलै
शेजारच्या मिसेस लो फोशानला त्यांच्या आईला भेटून आल्या. आलानचा निरोप: आता काही पाठवू नको.
गुणाची माझी पोर! आपल्यात तीनदा नको म्हणायचं असतं. पहिल्यांदाच हात पुढे करतो तो हावरा. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर अ‍ॅग्नेस शेवटचं बिस्किट द्यायच्या तेव्हा आलान नको म्हणायची, डोळे मात्र बिस्किटावर.
पुढचं पार्सल मोठं करायचं. इंग्लिश बिस्किटांचा डबा, झाकणावर राणी.

२८ ऑगस्ट
डबा पोचला. दुसरं नको आलं. आलान दारातच बोलली म्हणे, चहाही विचारला नाही. मिसेस लो मला म्हणाल्या, "टेरेसा, ती घाबरलीय गं." यांना शिष्टाचार कुठला, या पहिल्याच आग्रहाला दोन वाट्या घेतात.
ऑफिसात भाषांतर: परदेशी वस्तू सापडल्या की लोकांची धिंड काढतात. साहेबांना सांगितलं, मोठ्या शहरातली थेरं. फोशानमध्ये मास्तरणीला मान आहे.

२५ सप्टेंबर
आलाननं मिसेस लोंना दार उघडलंच नाही. आतूनच म्हणाली, "ताईला सांगा, पाया पडते तुझ्या, नको."
तिसरं झालं! आता घेईल. चार दिवसांवर चंद्राचा सण, त्याचे मूनकेक पार्सलात शिवून ठेवले. उद्या ऑफिस सुटलं की पोस्टात. पुढच्या सणाला तिला इकडेच आणायचं. खिडकीजवळची खाट तिची.

२६ सप्टेंबर
फोशानहून निसटून आलेल्या एका बाईची जबानी होती. साहेब विचारत होते, मी मधे बसून भाषांतर करत होते. तिच्या गल्लीतल्या मास्तरणीला, क्वोंग आलानला, रस्त्यातून फिरवलं. गळ्यात बिस्किटांचा डबा, राणीच्या चित्राचा. वर्गातलीच पोरं तो बडवत होती. कोणी पाठवला, विचारलं; ती म्हणत राहिली, सापडला. मग ट्रकमध्ये घातलं. कुठे नेलं, बाईला माहीत नाही.
मी शब्दन् शब्द इंग्रजीत केला.
साहेबांनी मजकूर वाचला आणि डब्याचं वाक्य खोडलं. म्हणाले, लंडनला इतका बारीक तपशील नको.
घरी आले. पार्सल टेबलावर होतं. उसवायला बसलेय. टाके फार घट्ट घातलेत मी.