नकाराची मुभा

पनवेल,
४ जुलै २०२५

ती. जीवनमामांस रुचिराचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

फोनवर रडू येईल, म्हणून लिहिते आहे. आमच्या विभागप्रमुख आशालता मॅडम रात्रपाळीचा शरीरावरील परिणाम अभ्यासत आहेत. त्यासाठी आम्हा शिकाऊ डॉक्टरांनी झोप मोजणारे घड्याळ मनगटावर बांधायचे आणि रक्त द्यायचे. माझी झोप विभागाने मोजावी, हे मला नको आहे. पण इंटर्नशिपच्या दाखल्यावर सही मॅडमचीच! माझा सोबती दीपेश म्हणतो, की लग्नातली आग्रहाची जिलेबी आणि साहेबांचे संशोधन यांना नाही म्हणायचे नसते. बाकी सर्वांनी होकार दिला. मला १४ तारखेला उत्तर द्यायचे आहे.

आपली घाबरट भाची,
रुचिरा

चिरनेर,
८ जुलै २०२५

चि. रुचिरास अनेक आशीर्वाद.

मामी म्हणाली, पोर सुया टोचायला शिकली, टोचून घ्यायला भिते! तिला म्हटले, प्रश्न सुईचा नाही. आता क्रमाने पाहू. नव्या ज्ञानासाठी माणसाने स्वतःला देऊ करावे, ही फार सुंदर गोष्ट आहे. परंतु भीतीपोटी दिलेले रक्तही तितकेच लाल दिसते; भीती कोणत्याही यंत्रात उमटत नाही. म्हणून ती विचारण्याच्या क्षणीच दूर करावी लागते. कारण न सांगता नकार देण्याची मुभा हा संशोधनातला अडथळा नव्हे, त्याचा पाया आहे. मॅडमना नम्रपणे, स्पष्ट सांग. आणि स्वतःला घाबरट म्हणू नकोस. घाबरट असतीस तर केव्हाच होकार देऊन मोकळी झाली असतीस.

तुझ्या पत्राच्या वाटेवर डोळे लावून,
जीवनमामा

पनवेल,
२३ जुलै २०२५

ती. मामांस सा. न. वि. वि.

सांगितले! मॅडमनी मान डोलावली आणि पुढच्या रुग्णाचा रक्तदाब विचारला. इतकेच! दुसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केले, की यापुढे विचारणा दुसऱ्या विभागातले कोणीतरी करेल. कोण हो म्हणाले, कोण नाही, हे त्यांना कळणारही नाही. लगेच दीपेशने घड्याळ परत केले!

मधुमेहाच्या एका अभ्यासाची माहिती रुग्णांना देऊन त्यांची संमती विचारण्याचे काम मात्र मी मागून घेतले. पहिल्याच आल्या उरणच्या मासळीवाल्या सोनाबाई. तुमच्या थाटात सारे क्रमाने समजावले. त्यांनी विचारले, की नाय बोलली तर औषध बंद करशील काय गो बाय? मी म्हटले, मुळीच नाही. तर म्हणाल्या, मग नाय!

मामा, पहिल्याच दिवशी नकार मिळाला आणि मला इतके हलके वाटले, की त्यांच्या गोळ्या मीच धावत जाऊन आणल्या.

मामींस नमस्कार. आपला लोभ असाच, कारण न विचारता, राहू द्यावा.

आपली,
रुचिरा