किरणांची खोली

८ जानेवारी, सोमवार
खानापूरची पोरगी बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात नर्स! आईनं गल्लीभर पेढे वाटले. आमच्या वॉर्डात स्वादुपिंडातल्या, आतड्यातल्या एका चिवट गाठीवर किरणांचं औषध शिरेतून देतात. ते नेमकं गाठ हुडकून तिलाच जाळतं, उरलेलं लघवीवाटे जातं. म्हणून पेशंटनं भरपूर पाणी प्यायचं. तोवर त्याच्या अंगातून किरण येतात, त्यामुळं खोली वेगळी, जाड भिंतींची. झटपट आत जाऊन काम करून बाहेर यायचं, एवढंच. मला लई आवडलंय.

११ जानेवारी, गुरुवार
निपाणीच्या पद्मावतीआक्का दाखल झाल्या. जैन बाई, चौविहार पाळतात. दिवस बुडाला की अन्न न्हाय, पाणी न्हाय. औषधाची गाडी सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर अडकून उशिरा आली. मी आमच्या डॉक्टरांना, विनय सरांना, म्हटलं, उद्या सकाळी द्या, दिवसा त्या पाणी पितील, एका रात्रीत औषध फार उणं होत नाही. सर म्हणाले, धर्म घरी ठेवायचा, सलाईन आहे की. दिवेलागणीला दिलंच.

१२ जानेवारी
आक्का रात्री गेल्या. माझी ड्युटी नव्हती, सकाळी कळलं. सलाईनची सुई निसटली, रक्तदाब कोसळला. बेल वाजवत होत्या बिचाऱ्या! वॉर्डबॉय परशराम दाराबाहेर उभा राहून ऐकत राहिला. किरण लागतात म्हणे. त्यानं सरांना फोन केला तर सकाळी बघू म्हणाले. माणसं आहेत का धोंडे? आक्कांच्या लेकीला, त्रिशलाला, सरांनी सांगितलं की आजारच बळावला होता. धडधडीत खोटं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

१६ जानेवारी
खोली धुतली, गादी काढली. तरी किरण मोजायचं मीटर रिकाम्या पलंगापाशी कडकडतंय. दुसरं आणलं, तेच. दिवस कलला की जोर, बुडाला की गप्प, आक्कांच्या पाण्यासारखं. सर म्हणतात मशीन बिघडलंय. तुमची अक्कल बिघडली!

१८ जानेवारी
आता बेल वाजते. रिकाम्या खोलीतून. सगळे माना खाली घालून बसतात. मीच आत गेले. कुणी न्हाय. बाहेर येऊन मीटर अंगाजवळ धरलं— कडकडलं. औषधाला तर मी हातसुद्धा—

२० जानेवारी
नवीन पेशंट आज त्याच खोलीत येणार. गाडी परत उशिरा, आणि सर परत संध्याकाळीच देणार. एक बाई जिवानिशी गेली तरी अक्कल येत न्हाय! मीच आधी त्या पलंगावर येऊन बसलेय, कसं देतात बघू. उठणार न्हाय.

घसा सुकलाय. अंग भाजतंय आतून— दार कुणीतरी बाहेरून ओढून घेतलं. काचेतून सर दिसतात. मीटर माझ्याकडं धरलंय, मागं सरकताहेत.

अहो, मी माधवी! पेशंट न्हाय मी!

बेल वाजवतेय. सगळे उभे आहेत, ऐकताहेत. मुडद्यांनो, ऊन आहे अजून, पाणी तरी— एकानं तरी आत—