वरचं एक संत्रं

पुनाता,
मंगळवार, १२ ऑगस्ट २००३

प्रिय सेबे,

तुला आणि मारिबेलला आशीर्वाद. मारिबेलचं पत्र मिळालं. तुझ्या पोरीचं अक्षर सुधारलंय, पण वाक्य संपलं की टिंब द्यायचा तिला अजून कंटाळा आहे.

इकडे सगळं तेच. वारा सुटलाय. घरात धूळ, फळ्यावर धूळ, खोकताना माझ्या छातीतही धूळच. आईने ऐंशी ओलांडली, तरी बाजाराच्या दिवशी संत्री मांडून बसल्याशिवाय तिला चैन पडत नाही. परवाच्या बसने शेजारची दोन्या क्रिसोलोगा ब्वेनोस आयरेसला येतेय, तिच्याबरोबर हे पत्र आणि तुझ्यासाठी वाळवलेले बटाटे पाठवतेय. आईने मापून पिशवी भरली आणि गिऱ्हाइकाला देतात तशी वर आणखी एक मूठ टाकली. "अगं, पोटच्या पोरीला कसला यापा देतेस?" मी म्हटलं. "हाताला सवय लागलीय," म्हणाली.

यंदा तिसरीत अडतीस मुलं आहेत आणि गुणाकार चालू आहे. चौतीस वर्षं तोच धडा. आताशा पाढे म्हणताना मला माझाच आवाज नकोसा होतो. दुपारी घरी आले की बूट काढायचंही त्राण उरत नाही. अजून दोन वर्षं काढायची आहेत.

बटाट्यांबद्दल, धुळीबद्दल लिहून झालं. आता मुद्द्याचं.

मारिबेलने लिहिलंय की तुझ्या शिवणाच्या कारखान्यात तुला कापड कापायच्या टेबलावर मुख्य करायचं म्हणताहेत, अठरा तारखेच्या सोमवारपर्यंत उत्तर हवंय, आणि तू नाही म्हणतेस. "आई म्हणते, कापडाचे इतके थर, एका थरातून इतक्या बाह्या, हे तिच्या डोक्यात शिरायचं नाही. तिचं डोकं दगड आहे, खुद्द बाईंनी तपासून सांगितलंय." ती बाई कोण हे पोरीला ठाऊक नसावं. म्हणून तर तिने ते इतक्या सहज लिहिलं.

आठ दिवस मी ते पत्र पिठाच्या डब्यामागे ठेवलं होतं.

काल वर्गात फळ्यावर सहा ढीग काढले. प्रत्येकात चार संत्री. एकूण किती? साइदा नावाची मुलगी आहे, तिची आजी बाजारात आपल्या आईच्या शेजारीच बसते. ती उठून म्हणाली, "पंचवीस."

सेबे, पुन्हा तेच पंचवीस.

ओरडायला तोंड उघडलं होतं, पण काल खरंच ताकद नव्हती. मी फक्त म्हटलं, "कसे गं?" तिने बोट लावून एकेक मोजलं. चोवीस झाली. मग खडू घेऊन वर आणखी एक संत्रं काढलं. "हे वरचं. सगळे ढीग एकाच गिऱ्हाइकाने घेतले ना बाई, मग यापा नको?"

"आणि वरचं दिलंच नाही तर?"

"तर चोवीस. पण असं कोण विकतं, बाई? लोक थुंकतील तोंडावर!"

सगळा वर्ग हसला. मी खुर्चीत बसले ती घंटा होईपर्यंत उठले नाही.

मारिबेल, इथून पुढचंही आईला मोठ्याने वाचून दाखव, बाळ. मावशीबद्दल तुझं मत वाईट होईल. होऊ दे. गाळू मात्र नकोस.

तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. नोकरीचं पहिलं वर्ष, मागच्या बाकावर तपासायला आलेले साहेब, आणि तिसरीच्या वर्गात माझी धाकटी बहीण. तेच ढीग, तीच संत्री. तू म्हणालीस पंचवीस. मी म्हटलं, नीट सांग. तू पुन्हा पंचवीस. पोरं खिदळली. मला वाटलं, घरातली म्हणून तू माझी थट्टा करतेयस, साहेबांसमोर माझी लाज काढतेयस. तुझं डोकं दगड आहे असं मी सगळ्यांदेखत म्हटलं आणि तुला मक्याच्या दाण्यांवर गुडघे टेकायला लावले. दुसऱ्या दिवशी तू शाळेत आलीच नाहीस. आईने तुला बाजारात बसवलं. "डोकं नाही चालत, तर हात तरी चालू देत," म्हणाली. मी गप्प राहिले. साहेबांनी माझ्याबद्दल चांगला शेरा लिहिला होता.

"कसे गं?" दोन शब्द. तेवढे मी विचारले असते तर तूही ते एक संत्रं वर ठेवून दाखवलं असतंस. तुला गुणाकार येत होता, सेबे. तो करून तू पुढे बाजारापर्यंत पोचली होतीस. मीच मागे फळ्यापाशी राहिले.

माफ कर म्हणायला जीभ जड होते, पण म्हणते. माफ कर. वाटेल तेव्हा कर, नाहीतर नको करूस. पण सोमवारी माझ्या त्या शब्दापायी नाही म्हणू नकोस. तो शब्द खोटा होता. थर मोज, बाह्या मोज, कुठे अडलंच तर विचारायला पोर आहे घरी.

मारिबेल, आता शेवटची ओळ. ही आईला दोनदा वाचून दाखव.

दगड बाईंच्या डोक्यात होता.

तुझी ताई,
ओतिलिया