सायकलचा कॅरिअर

मंगळवार, संध्याकाळ

कॉलेजातला माझा मित्र केशव आज कर्जाचा फॉर्म घेऊन आला. हेब्बाळच्या त्याच्या वर्कशॉपसाठी जामीनदार हवा. वक्तृत्व स्पर्धांना तोच मला सायकलवर न्यायचा. मी कॅरिअरवर बसून भाषण घोकायचो, तो ओरडायचा, "मोठ्यानं रे, ऐकू येत नाही!"

आजही म्हणाला, "मोठ्यानं वाच."

वाचलं. हप्ते थकले तर वसुली जामीनदाराकडून, घर विकूनसुद्धा.

त्यानं फॉर्मची घडी घातली. "इरली बिडो, असू दे. तुझं घर नको यात."

मैत्रीवर किती सभा गाजवल्या मी! आज पेन खिशातच राहू दिलं. खरं सांगू? हायसं वाटलं.

आता तो कॅरिअरच डोळ्यांसमोर येतोय. चढावरही पायडल त्यानंच मारलं. मी एकदाही खाली उतरलो नाही.