ओटीतली तीन पुस्तकं

निमगाव सावा

प्रिय आई,

आधी झालं ते क्रमाने लिहिते.

१. ओटीभरणाला तू नारळ-तांदळांसोबत तीन नवी पुस्तकं दिलीस. एक आईपणावर, एक कुटुंबावर, एक संसारावर.
२. सासूबाईंना वाचता येत नाही, म्हणून ऋतिकने ती रोज जेवणानंतर मोठ्याने वाचली.
३. पहिल्यात लिहिलं आहे, की मूल तीन वर्षांचं होईपर्यंत आईने नोकरी करू नये.
४. ऋतिकने आमच्या दूध शीतकरण केंद्रात फोन करून सांगितलं, की बाळंतपणानंतर मी लॅबमध्ये परत येणार नाही.
५. मला हे सोमवारी साहेबांकडून कळलं.

ऋतिकला विचारलं तर म्हणाला, "अगं, तुझ्याच आईनं दिलंय ना? मी काय मनानं केलं?" सासूबाई कांदे निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "आमच्या मेंढ्या रानात व्यायच्या, त्यास्नी कुनी पुस्तक दिलं न्हाई. पन तुझी आय नर्स हाय. तिनं दिलंय म्हंजी इचार करूनच दिलं आसंल."

मग मी तिन्ही नीट वाचली. असलं लिखाण दुधाच्या टँकरमधून तपासणीला आलं असतं तर मी दारातूनच परत पाठवलं असतं. आईने कधीही रागवू नये, असं एका पानावर आहे. पुढच्याच प्रकरणात म्हटलंय, की दाबून ठेवलेला राग पोटातल्या बाळाला बाधतो. हे कोणी तपासलं, कुठे तपासलं, एक ओळ नाही. संसारावरच्या पुस्तकातली बायको नवरा घरी यायच्या आत तोंड धुऊन प्रसन्न होते. तीही कुठून तरी घरी येत असेल, ही शक्यता लेखकाच्या डोक्यातच आलेली नाही. कुटुंबाच्या पुस्तकात वडील एकदाच दिसतात, फोटो काढताना. आणि आईपणावर लिहिणाऱ्या बाई शेवटच्या पानावर दोघींचे आभार मानतात: एक स्वयंपाक करणारी, दुसरी बाळ सांभाळणारी. आधीच्या सगळ्या पुस्तकात त्या दोघी कुठेच नाहीत. बाळ जणू लेखिकेच्या नुसत्या प्रेमावर वाढलं.

तू यातलं एकही वाचलं नसशील, असं मी धरून चालले होते. काल सासूबाईंनी सांगितलं, की ओटीच्या दिवशी तू त्यांना म्हणालीस, "मला जमलं नाय, पोरीचे हाल झाले. तिला तरी जमू द्या."

कसले हाल? सव्वा महिन्यात तू उपकेंद्रात कामावर गेलीस, मी शेजारच्या गजराबाईंच्या ओसरीवर वाढले. त्यांच्या मेंढ्यांची नावं मला आधी पाठ झाली आणि माणसांची नंतर. तू वाडीवस्तीवरून बाळंतपणं उरकून यायचीस, पाय न धुता मला मांडीवर घ्यायचीस आणि गजराबाई ओरडायच्या, "आगं, आधी हात तरी धू, नर्सबाई!" मला तेच आठवतं. यात दया करण्यासारखं मला काही सापडत नाही. या पुस्तकांच्या हिशेबाने तू नापास आई आहेस. मला त्यांचा तिटकारा येतो तो मुख्यतः याच कारणाने. माझी नोकरी नंतर येते.

ऋतिक वाईट नाही. त्याला छापलेलं खरं वाटतं, इतकंच. काल मी पुस्तकं कपाटावर ठेवली आणि त्याला सांगितलं, की साहेबांना मी स्वतः उत्तर देणार. तो म्हणाला, "दे. पण बाळाला बघणार कोण? आई दिवसभर शेतात." प्रश्न बरोबर आहे. उत्तर माझ्याकडे नाही, तुझ्याकडे आहे. फोनवर तू "बघू गं" म्हणतेस, आणि इथे ऐकायला जवळ कोणीतरी असतंच, म्हणून पत्र.

तू मार्चमध्ये निवृत्त झालीस. बाळंतपणाला मी डिंगोऱ्याला येणारच आहे. रजा संपल्यावर बाळ दिवसा तुझ्याकडे राहील का? मी तिथून येऊन-जाऊन नोकरी करीन, ऋतिक शनिवार-रविवार येईल. हाल होतील असं वाटत असेल तर तसं लिही, पण ते तुझं मत असू दे, पुस्तकातलं नको. साहेब माझ्या उत्तरासाठी महिनाअखेरपर्यंतच थांबणार आहेत, मग जागा दुसऱ्याला देतील. पंचवीस तारखेपर्यंत हो किंवा नाही कळव.

तुझीच,
इंद्रायणी