पाटलांच्या फळीवरचा कसारा घाट

रविवार, संध्याकाळ

समोरच्या पाटलांकडे सुमनला घेऊन चहाला गेलो. उगाच गेलो. त्यांच्या हॉलमध्ये भिंतभर फळी, तिच्यावर अख्खा कसारा घाट! बोगदे, दिवे, आणि वळणं घेत चढणारी वीतभर गाडी. माझी खेळण्यातल्या रेल्वेची फळी अजून कपाटावर डुगडुगतेय. जन्मभर रेल्वेत गार्ड होतो मी, आणि हे गृहस्थ बँकेत!

सुमन तर तिथून हलेचना. माझ्या रुळांना 'पसारा' म्हणणारी ही बाई त्यांच्या फळीशी वाकून अर्धा तास बघत होती.

मला मात्र चूक दिसली. घाटात जोडायची जास्तीची इंजिनं त्यांनी पुढे लावलीत. ती मागे लागतात, गाडी ढकलायला. पाटील म्हणाले, "तुम्ही गार्ड होतात, काही चुकलं असेल तर सांगा." मी म्हणालो, "एकदम झकास." का म्हणालो? त्यांचं तसंच चुकलेलं राहावं म्हणून, दुसरं काय.

घरी आल्या आल्या सुमन म्हणाली, "ती इंजिनं मागे असतात ना हो? लग्नानंतर इगतपुरीला उतरून तुम्हीच दाखवली होतीत मला. त्यांना सांगितलं का नाहीत?"

"लक्षातच आलं नाही," म्हटलं.

"माझ्या आलं, आणि तुमच्या नाही?"